इन्स्टॉल कुठं अडतंय ते आधी बघा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत, जुन्या मशीनवर फॉरमॅट मारून नव्यानं सिस्टिम टाकायला घेतली आणि मध्येच अडलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला त्यामुळे बरेच जण हे काम काढून बसलेत असं दिसतंय. म्हणून हा सगळा अंक त्यालाच देते.

प्रश्न : नमस्कार ताई, बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मशीन आय थ्री सेकंड जनरेशन, एच ६१ बोर्ड, ८ जीबी रॅम. दिवाळीत नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकली आणि विंडोज १० एकदम क्लीन इन्स्टॉल केलं. पाच-सहा दिवस मस्त चाललं, मग एक दिवस सकाळी चालू केलं तर निळा स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत फॉरमॅट मारला, परत आठवड्यानं तेच. आता तिसरी वेळ आहे. इथला रिपेअरवाला म्हणतो एसएसडी डुप्लिकेट आहे, फेकून दे. फॉर्मची तारीख असली की गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि मशीन बंद, फार अडचण होते. काय करू?

उत्तर : दादा, एसएसडी अजिबात फेकू नका, आणि चौथ्यांदा फॉरमॅट तर मुळीच मारू नका. तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे की "आमच्याकडे लाइट फार जाते, रात्री जाताना कधी कधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटन पण बंद करतो", माझ्या मते सगळं उत्तर त्या ओळीत आहे.

मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा. घड्याळ चालू ठेवायचं आणि बायॉसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) सेटिंग लक्षात ठेवायच्या हे त्याचं काम. पण मशीन बंद असलं तरी भिंतीवरचं बटन चालू असेल तर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) थोडी वीज बोर्डाला मिळत राहते, तोवर सेलला काही करावंच लागत नाही, सेल मेलेला असला तरी कळत नाही. ज्या दिवशी बटन बंद झालं किंवा रात्रभर लाइट गेली त्या दिवशी सेलची परीक्षा, आणि तुमचं बोर्ड २०११-१२ च्या आसपासचं म्हणजे सेल बहुतेक मूळचाच असणार, तो कधीच संपलाय. मग बायॉस कोरं होतं आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं.

आता निळा स्क्रीन कुठून आला ते सांगते. बायॉसमध्ये साटा मोड म्हणून एक सेटिंग असते, डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ते ठरवणारी, जुनी पद्धत आयडीई आणि नवी एएचसीआय. तुम्ही किंवा दुकानदारानं एसएसडी टाकताना ते एएचसीआय केलं असणार, बरोबरच केलं, आणि विंडोज त्याच मोडवर बसलं. सेल मेल्यावर बरीच बोर्डं मूळच्या आयडीईवर परत जातात. विंडोज चालू होताना एएचसीआयचा ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन डिस्क शोधतं, समोर डिस्क आयडीईच्या भाषेत बोलत असते, म्हणजे घर तेच आणि किल्ली दुसऱ्याच कुलपाची. ते निळा स्क्रीन देऊन थांबतं. आत फाइली सगळ्या धडधाकट असतात! आणि तुम्ही दर वेळी त्याच पुसून टाकत होता.

तर करायचं असं. मशीन चालू करताना डिलीट बटन दाबत राहा, बायॉस उघडेल, पहिल्यांदा तारीख बघा. २०११ किंवा तसलीच काही जुनी तारीख दिसली तर शंकाच नको. साटा मोड एएचसीआय करा, तारीख-वेळ बरोबर करा, एफ १० नं सेव्ह करून बाहेर या. विंडोज जसंच्या तसं उघडायला पाहिजे. मग सेल बदला, वायर पूर्ण काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून घ्या, सेलच्या बाजूला छोटी पट्टी असते ती नखानं बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो, नवीन बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर. घड्याळवाल्याकडे पण मिळतो हा सेल. बसवल्यावर बायॉसमध्ये परत एकदा एएचसीआय आणि तारीख लावायची, कारण सेल काढला की सगळं परत कोरं होणारच. खात्री करायची असेल तर बटन बंद करून तासभर ठेवा आणि मग चालू करून तारीख बघा.

तारखेचं अजून एक, तुमचं काम ऑनलाइन फॉर्मचं आहे म्हणून सांगते. घड्याळ मागं गेलं की प्रत्येक सरकारी साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही" असा लाल इशारा येतो आणि लोकांना वाटतं नेट खराब आहे. साइटच्या सर्टिफिकेटवर या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, तुमचं मशीन २०११ सालात बसलेलं असेल तर त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. विंडोजचं ॲक्टिव्हेशन आणि अपडेट पण यामुळेच अडतं. असं दिसलं की इन्स्टॉलेशनला बोल लावायच्या आधी कोपऱ्यातली तारीख बघायची.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा. माझा कॉम्प्युटर कोर टू ड्युओ ई ७५००, जी ४१ चं बोर्ड, डीडीआर थ्री २ जीबी रॅम. नातवानं विंडोज ११ चा पेनड्राइव्ह करून दिला, पण लावला की काळ्या स्क्रीनवर फक्त एक छोटी रेघ लुकलुकत राहते, पुढे काही नाही. वापर म्हणजे पेपर वाचणे, मराठी टायपिंग, मुलीशी व्हिडिओ कॉल. नवीन कॉम्प्युटर घ्यायची इच्छा नाही, हा चांगला चाललेला आहे.

उत्तर : सर, तुमची इच्छा योग्य आहे आणि हा कॉम्प्युटर अजून चालेल, फक्त विंडोज ११ चा नाद सोडावा लागेल. टीपीएम (सुरक्षेची चिप) वगैरे अटी चुकवून टाकायच्या युक्त्या नेटवर आहेत, पण त्याचं २४ एच २ हे व्हर्जन आल्यापासून प्रोसेसरला काही ठरावीक सूचना समजायलाच लागतात, त्यातली एक पॉपकाउंट नावाची, आणि कोर टू ड्युओला ती येत नाही. तिथं कुठलीच युक्ती चालत नाही, नातवाला उगाच राबवू नका.

पण लुकलुकणारी रेघ वेगळ्याच कारणानं आहे आणि ते कळलं पाहिजे, कारण दुसरी कुठलीही सिस्टिम टाकताना तेच आडवं येणार. रेघेवर थांबलं म्हणजे मशीननं पेनड्राइव्ह पाहिला, पण त्यावरून सुरू कसं व्हायचं हे त्याला कळलं नाही. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह करताना पार्टिशन स्कीम, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, विचारली जाते, नवी जीपीटी की जुनी एमबीआर, आणि नवीन लॅपटॉपवर बसून केलं की आपोआप जीपीटी राहतं. ते नव्या यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीनसाठी. तुमच्या बोर्डात जुन्या पद्धतीचं बायॉस आहे, त्याला एमबीआरच लागतं. नातवाला एवढंच सांगा, एमबीआर निवड आणि परत कर.

टाकायचं काय म्हणाल तर लिनक्स मिंट, विंडोजसारखीच पण वेगळी सिस्टिम, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप. २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, फुकट आहे, तुमचा प्रोसेसर ६४ बिटचा असल्यामुळे चालतं. २ जीबी रॅमवर सुरू होईल, पण ब्राउजर उघडून व्हिडिओ कॉल करायचा तर ४ जीबी करा. आणि इथं एक सांभाळा, माझ्या टेबलावर यातली कितीतरी प्रकरणं येऊन गेलीत. जी ४१ ला ४ जीबीची कुठलीही डीडीआर थ्री चालत नाही. हातात घेऊन चिप मोजायच्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिपा असतील तरच घ्या, एकाच बाजूला आठ असलेली नवीन रॅम हे बोर्ड ओळखत नाही, बीप मारत बसतं आणि मग लोक बोर्ड गेलं म्हणून भंगारात देतात. दुकानदाराला "सोळा चिपांची" म्हणून सांगितलं की त्याला कळतं. नाहीतर २-२ जीबीच्या दोन लावा, तेही चांगलं.

पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दिसला नाही तर घाबरू नका, काही जुन्या बायॉसमध्ये तो स्वतंत्र दिसत नाही, हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी नावाच्या यादीत आत हार्ड डिस्कच्या खाली लपलेला असतो, तिथं तो वर सरकवायचा. आणि कीबोर्ड यूएसबीचा असून बायॉसमध्ये बटनं चालत नसतील तर कुणाकडून तरी जुना गोल पिनेचा कीबोर्ड तासाभरासाठी आणा.

मिंटचं मला सगळ्यात काय आवडतं तर पेनड्राइव्हवरूनच ते आधी चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता. आवाज येतो का, नेट चालतं का, वेबकॅमवर लेक दिसते का, हे बघून मगच इन्स्टॉलवर क्लिक करा. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी घालायचं, इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तेच मिळतं, बोटं बदलायला लागणार नाहीत.

प्रश्न : ताई, कोल्हापुरात माझं छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, स्मरणिका वगैरे. विंडोज ७ होतं, आता १० टाकायचं म्हणून घेतलं तर फाइल कॉपी होताना अडतंय. एकदा १२ टक्क्यांवर, एकदा ४१ वर, काल ७८ पर्यंत गेलं आणि शेवटी ८००७०५७० असा एरर. दोन वेगवेगळे पेनड्राइव्ह झाले. माझं सगळं काम अजून जुन्या डिस्कवर आहे, ती काढून बाजूला ठेवलीय, नव्यावर प्रयोग चाललाय.

उत्तर : ताई, जुनी डिस्क काढून ठेवलीत हे वाचून खरंच बरं वाटलं, तुमच्यासारखं सगळ्यांनी केलं तर माझ्याकडं रडत येणारी निम्मी माणसं कमी होतील.

तो एरर सांगतो की फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही. पण मला एररपेक्षा तुमचे टक्के महत्त्वाचे वाटतात. दर वेळी बरोबर त्याच आकड्यावर अडलं असतं तर मी म्हटलं असतं उतरवलेली आयएसओच (इन्स्टॉलची मूळ फाइल) अर्धवट आहे, परत उतरवा, किंवा डिस्कची तेवढी जागा खराब आहे. पण १२, ४१, ७८ असं कुठंही अडतंय, पेनड्राइव्ह बदलूनही अडतंय, तर माझा संशय रॅमवर. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते, तिथं एक कण जरी बदलला तरी पुढं हिशोब जुळत नाही आणि इन्स्टॉलर म्हणतो फाइल खराब आहे.

रॅम काढून उजेडात धरा. खालच्या सोनेरी पिना असतात त्या नीट बघा, तुमच्याकडच्या पावसात चार महिने दमट हवा खाऊन त्यांच्यावर काळपट थर धरतो, कधी कधी एकाच पिनेवर एवढुसा डाग असतो तो तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घ्या, पिनांवरून हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा, भुगा ब्रशनं झटका, स्लॉटमध्ये पण कोरडा ब्रश फिरवा, फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. मग बसवताना दोन्ही बाजूच्या कानांचा टक असा आवाज आला पाहिजे.

यानंतर लगेच इन्स्टॉलला बसू नका. मेमटेस्ट ८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवा. सकाळी लाल ओळ एक जरी दिसली तरी ती रॅम बाद, एक चालेल असं इथं नसतं. दोन रॅम असतील तर एक-एक लावून टेस्ट करा म्हणजे कुठली ते कळेल. रॅम स्वच्छ निघाली तर साटाची केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) बदला, ती फार स्वस्त असते आणि फार वेळा तीच गुन्हेगार असते, आणि तरीही अडलं तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, पेंडिंग सेक्टरच्या (वाचता न आलेल्या जागांच्या) ओळीत शून्य सोडून काही असेल तर त्या डिस्कवर गिऱ्हाइकाचं काम ठेवू नका.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगणारच, कारण हे चुकलं की वर्षांचं काम जातं. तुमच्या जुन्या स्मरणिका श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या फॉन्टात असणार, युनिकोडात (आताची सगळीकडे चालणारी पद्धत) नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या खणात मराठी आकार भरलेले असतात, म्हणून तो नेमका फॉन्ट नसेल तर पेजमेकरची (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल उघडते पण समोर सगळी खिचडी. डेटा म्हणून लोक डी ड्राइव्ह कॉपी करतात आणि फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात राहून जातात! तो फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा, सॉफ्टवेअरची सीडी, की, यूएसबी लॉक असेल तर ते हाताशी आहे ना बघा, आणि नवीन मशीनवर एक तरी जुनी पत्रिका उघडून, प्रिंट काढून, जोडाक्षरं वाचून बघितल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका. डेस्कटॉपवरच्या फाइली आणि ब्राउजरमधले पासवर्ड पण सी ड्राइव्हमध्येच असतात, टॅलीचा डेटा पण बऱ्याच जणांचा तिथंच असतो.

प्रश्न : पिंपरीहून. नवीन एसएसडीवर विंडोज १० टाकलं, जुनी ५०० जीबीची डिस्क पण लावलेली होती. महिनाभर छान चाललं. मग जुनी डिस्क आवाज करायला लागली म्हणून काढली तर आता बूटएमजीआर इज मिसिंग येतं. एसएसडीवर विंडोज तर दिसतंय!

उत्तर : विंडोज एसएसडीवर आहे, पण त्याला उठवणारा भाग जुन्या डिस्कवर गेला. इन्स्टॉलरला आधीच्या डिस्कवर काही शे एमबीचं सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन दिसलं की तो तेच वापरतो, नवीन करत नाही, आणि तुम्हाला विचारत पण नाही. जुनी डिस्क अजून जिवंत आहे तोवर आधी ती परत लावा, त्यातलं हवं ते सगळं काढून घ्या, आवाज करणारी डिस्क कधी थांबेल सांगता येत नाही, हे आजच करा. मग फक्त एसएसडी लावून विंडोजचा पेनड्राइव्ह घाला, रिपेअर युअर कॉम्प्युटर, त्यात स्टार्टअप रिपेअर. एकदा केलं आणि झालं नाही म्हणून सोडू नका, दोन-तीन वेळा रीस्टार्ट करत चालवावं लागतं. तरी झालं नाही तर एसएसडीचं पार्टिशन ॲक्टिव्ह (इथून सुरू व्हायचं अशी खूण) केलेलं नसतं, ते डिस्कपार्ट या कमांडमधून करून मग उठवणारा भाग परत टाकणारी बीसीडीबूट कमांड चालवायची, हे कधी केलं नसेल तर शेजारी कुणी जाणकार असू द्या कारण डिस्कपार्टमध्ये डिस्कचा नंबर चुकला तर भलतीच डिस्क पुसली जाते.

आणि बाकीच्या वाचकांनी हे लक्षात ठेवा, इन्स्टॉल करताना जिच्यावर टाकायचंय ती एकच डिस्क लावलेली ठेवायची. दुसरीची साटा केबल काढून ठेवा, काम झाल्यावर लावा. तेवढ्या दोन मिनिटांनी हे सगळं टळतं, शिवाय चुकून डेटाची डिस्क फॉरमॅट व्हायची भीती पण राहत नाही. मी स्वतः एकदा गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावलेली ठेवून काम केलं होतं, यादीत दोन्ही डिस्क ५०० च्या होत्या, बटन दाबायच्या आधी आकडा परत वाचला म्हणून वाचले. तेव्हापासून केबल काढल्याशिवाय मी पेनड्राइव्ह लावत नाही.

प्रश्न : फाइल कॉपी पूर्ण होतं, रीस्टार्ट होतं आणि परत पहिल्यापासून भाषा निवडायचा स्क्रीन येतो. चार वेळा झालं. (नांदेड)

उत्तर : इन्स्टॉलेशन बरोबर चाललंय, मशीन परत पेनड्राइव्हवरूनच सुरू होतंय. पहिल्या रीस्टार्टला स्क्रीन काळा झाला की पेनड्राइव्ह काढून घ्या, पुढचं डिस्कवरून होतं. सीडीवरून करत असाल तर "प्रेस एनी की" आलं की दुसऱ्या वेळी काही दाबू नका.

प्रश्न : ताई, तुमचं आधीचं उत्तर वाचून मिंट टाकायला घेतलं पण लोगो येऊन स्क्रीन काळा होतो. जुनं बोर्ड आहे, त्यात एनव्हिडियाचं २१० चं ग्राफिक कार्ड लावलेलं. (रत्नागिरी)

उत्तर : पेनड्राइव्हच्या पहिल्या मेन्यूत कम्पॅटिबिलिटी मोड असा पर्याय आहे तो घ्या, स्क्रीन दिसेल. पण इतक्या जुन्या कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर आता नव्या लिनक्सबरोबर येत नाही, त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर परत तेच होऊ शकतं. तुम्ही गेम खेळत नाही असं लिहिलंय, तर सरळ कार्ड काढा आणि मॉनिटरची वायर मागं मदरबोर्डच्याच व्हीजीएला लावा, बोर्डावर तसं पोर्ट आहे ना ते आधी बघून घ्या. इंटेलचा ग्राफिक ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासून असतो. कार्ड काढल्यावरही स्क्रीन आला नाही तर बायॉसमध्ये इनिट डिस्प्ले फर्स्ट असं काहीतरी असेल, ते ऑनबोर्ड करा, कार्ड परत लावून एकदा आत जायला लागेल तेवढ्यासाठी.